सुरतेची गाडी, आखाजी आणि दोघांच्या चामखिळी

आमच्याकडे रविवारी दवाखाना बंद ठेवून चालत नाही. शनिवारी रात्री सुरतेजवळच्या उधन्याला गाडीत बसलेली माणसं पहाटे आमच्या खानदेशात ताप्ती लाईनच्या, म्हणजे सुरत-जळगाव रेल्वेमार्गाच्या, एखाद्या स्टेशनावर उतरतात, घरी जाऊन आंघोळ करतात, कळण्याची भाकरी खातात आणि रात्रीच्या गाडीनं परत लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, जातात. मधल्या त्या एका दिवसात त्यांना शेताचा बांध, बहिणीचं स्थळ, सोसायटीचं कर्ज आणि स्वतःचं दुखणं असं सगळं उरकायचं असतं. हा रुग्णही फेब्रुवारीतल्या अशाच एका रविवारी आला. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

पहिली भेट

वय 27. लग्नाला चौदा महिने झालेले. बायको गावी सासू-सासऱ्यांजवळ, हा सुरतेत लूमच्या खात्यावर बारा तासांच्या पाळीत. एका खोलीत सहा जण, तीन दिवसपाळीचे, तीन रातपाळीचे. खोली कधी रिकामी नसते. नंबर लावताना त्यानं तक्रार सांगितली होती ‘खाज’. गुप्तांगाचं कुठलंही दुखणं आमच्या वहीत आधी खाज, पुरळ किंवा अशक्तपणा या नावानंच येतं. कंपाउंडर बाहेर गेला तसा त्याचा आवाज खाली आला. “साहेब, तठे मस व्हयेल शेतस.”

मस म्हणजे चामखीळ. तीन महिन्यांपूर्वी एक दिसली, तांदळाच्या कणीएवढी. दुखत नव्हती, म्हणून सोडून दिली. मग चार झाल्या. खोलीजवळच्या मेडिकलवाल्यानं खाजेची ट्यूब दिली. या ट्यूबा मी रोज बघतो. एकाच नळीत बुरशीचं औषध, जंतूंचं औषध आणि वर क्लोबेटासॉलसारखं जबरी स्टेरॉइड. नायट्याला लावली की दोन दिवस बरं वाटतं आणि मग नायटा अंगभर पसरतो. चामखिळीच्या बाबतीत स्टेरॉइड त्या जागेची प्रतिकारशक्तीच झोपवतं, म्हणजे विषाणूला मोकळं रान. चाराच्या दहा झाल्या.

त्यानंतर खोलीतल्या एका अनुभवी माणसानं रामबाण सांगितला, खायचा चुना आणि धुण्याचा सोडा एकत्र कालवून टिचभर लावायचा. हा उपाय खानदेशात जुना आहे, मानेवरच्या मसाला लोक सर्रास करतात. चुना आणि धुण्याचा सोडा पाण्यात एकत्र आले की कॉस्टिक सोडा तयार होतो. तो चामखीळही जाळतो आणि भोवतालची कातडीही. मानेची जाड कातडी ते सोसते. शिस्नाच्या पुढच्या त्वचेला ते झेपत नाही. तो माझ्यासमोर आला तेव्हा तिथं रुपयाएवढी जखम होती, आणि तिच्या कडेला चामखिळी तशाच.

तपासणीत मोजून नऊ चामखिळी सापडल्या. पुढच्या कातडीच्या आतल्या बाजूला सहा, मऊ, टोकाला फुलकोबीसारख्या फुटलेल्या. कातडीच्या बाहेर दोन, चपट्या. आणि एक मूत्रद्वाराच्या ओठावर, दोन्ही बाजू हलक्या हातानं उघडून बघितल्यावरच दिसणारी. ती शोधायचं राहिलं की सगळं गेल्यावर ‘परत आली’ म्हणून रुग्ण येतो, आणि मुळात ती गेलेलीच नसते.

निदान डोळ्यांनी होतं. पण इथं घाई करू नये. सिफिलिस या गुप्तरोगाच्या दुसऱ्या टप्प्यातही याच जागी ओले, चपटे, रुंद बुडाचे उंचवटे येतात. ते चामखीळ समजून जाळले तर आजार आत तसाच राहतो, त्याला पेनिसिलिन लागतं. मोत्यासारखे मधोमध खळगा असलेले दाणे हा वेगळा विषाणू. आणि शिस्नमण्याच्या कडेनं एका ओळीत येणारे बारीक एकसारखे दाणे तर निसर्गानंच दिलेले असतात, त्याला काही म्हणजे काही करायचं नसतं. तरी दरवर्षी दोन-तीन तरुण ते दाणे कुणाकडून तरी जाळून घेऊन माझ्याकडे येतात.

म्हणून सिफिलिससाठी व्हीडीआरएल, कावीळ ब आणि एचआयव्हीची तपासणी सांगितली. एचआयव्हीची तपासणी सरकारी रुग्णालयातल्या आयसीटीसी म्हणजे समुपदेशन आणि तपासणी केंद्रात मोफत होते, आधी आणि नंतर समुपदेशक बोलतो, आणि निकाल कुणाला सांगायचा नाही हे 2017 च्या कायद्यानंच बांधलेलं आहे. प्रतिकारशक्ती खालावलेली असेल तर चामखिळी मोठ्या होतात, उपचाराला दाद देत नाहीत, म्हणून हे आधी कळलेलं बरं. तिन्ही तपासण्या निर्धोक आल्या. सरकारी गुप्तरोग केंद्रांत लक्षणांनुसार रंगीत किट मिळतात; करडं, हिरवं, पांढरं, निळं, लाल, पिवळं, काळं. चामखिळीसाठी त्यात किट नाही. ते योग्यच आहे, कारण हा गोळीनं जाणारा आजार नाही. पण रुग्णाला वाटतं, सगळ्यांना औषध दिलं आणि मलाच रिकाम्या हातानं पाठवलं.

जखम भरून येईपर्यंत चामखिळीला हात लावायचा नाही, नुसतं व्हॅसलीन आणि मिठाच्या कोमट पाण्यानं धुणं, असं ठरलं. उठता उठता त्यानं विचारलं, “हाई कशानं व्हस?” बाहेर बारा नंबर बाकी होते. मी म्हणालो, “शरीरसंबंधातून पसरतं.” तो मान हलवून गेला.

वाक्य खोटं नव्हतं. अर्धं होतं. त्याची किंमत पुढे कळली.

अर्ध्या वाक्याचे दोन आठवडे

दोन आठवड्यांनी तो आला तेव्हा जखम कोरडी होती, पण माणूस उतरला होता. बोलता बोलता निघालं की पंधरा दिवसांत त्यानं घरी फोन केलेला नाही. बायकोला पाचवा महिना लागलेला आणि हा तिच्याशी बोलत नाही. त्याचा हिशोब सरळ होता. लग्नाआधी, दोन वर्षांपूर्वी, मित्रांबरोबर एक-दोनदा सुरतेत कुठं तरी गेला होता. पण ते जुनं, म्हणजे त्यातून असतं तर तेव्हाच उठलं असतं. लग्नानंतर बायकोशिवाय कुणी नाही. मग उरलं कोण?

हा हिशोब जिथं चुकतो, ते मला पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं. हा आजार होतो ह्यूमन पॅपिलोमा विषाणूमुळे, सगळे एचपीव्ही म्हणतात. त्याच्या शंभरावर जाती आहेत. गुप्तांगावरच्या दहापैकी नऊ चामखिळींमागे 6 आणि 11 नंबरच्या जाती असतात. लागण झाल्यावर चामखीळ उगवायला साधारणपणे तीन आठवडे ते आठ महिने लागतात, पण विषाणू वर्षानुवर्षं कातडीत गप्प बसूनही राहू शकतो. संबंध असलेल्या बहुतेक स्त्री-पुरुषांना आयुष्यात कधी तरी एचपीव्हीची लागण होतेच, त्यातल्या बहुतेकांच्या अंगावर काहीही उगवत नाही, आणि दोनेक वर्षांत शरीर तो आपोआप निस्तरतं. म्हणजे चामखीळ ज्याच्या अंगावर दिसते त्यानंच आणली असं नाही, आणि ज्याच्या अंगावर आधी दिसली त्यानंच दुसऱ्याला दिली असंही नाही. कोणी, कधी, कुठून याचं उत्तर देणारी कुठलीही रक्ततपासणी नाही.

हे सगळं त्याला दहा मिनिटांत सांगितलं. तो बराच वेळ जमिनीकडे बघत होता. मग म्हणाला, “म्हंजे माझंच बी असू शकतं.” असू शकतं, म्हटलं. नसूही शकतं. ते शोधत बसलो तर उपचार बाजूला राहील.

पुढचा प्रश्न अपेक्षित होता. कॅन्सर होईल का? 6 आणि 11 या जाती कॅन्सर करत नाहीत. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमागे मुख्यतः 16 आणि 18 असतात. घराणं एक, पण भावकी वेगळी. एकाच माणसात दोन्ही असू शकतात, म्हणून स्त्रीनं गर्भाशयमुखाची ठरलेली तपासणी करावी. मात्र चामखिळी आहेत एवढ्या कारणानं ती जास्त वेळा करायची गरज नसते. तुकडा काढून तपासायला मी पाठवतो तो वेगळ्याच चिन्हांवर. चामखीळ काळपट, कडक, खालच्या मांसाला चिकटलेली, रक्ताळलेली असेल किंवा महिनोनमहिने कशालाच दाद देत नसेल तर.

काय काय करता येतं, आणि त्याला काय जमणार होतं

त्याची मागणी एकच होती. “एक डाव जाळी टाका ना साहेब, कटकट मिटी जाई.”

चामखीळ काढणं आणि विषाणू काढणं या दोन गोष्टी आहेत. आपल्याकडे जे काही आहे ते सगळं पहिल्या गोष्टीसाठी. दिसणारी चामखीळ जाते, आजूबाजूच्या साध्या दिसणाऱ्या कातडीत विषाणू राहू शकतो, आणि म्हणून तीन-चारांतल्या एखाद्याला तरी ती परत येते, बहुधा पहिल्या तीन महिन्यांत. हे उपचार सुरू करायच्या आधीच सांगावं लागतं. नंतर सांगितलं की तीच गोष्ट सबब वाटते.

काहीच न करणं हाही पर्याय आहे; बऱ्याच जणांच्या चामखिळी वर्षभरात आपोआप विरतात. पण बायको गरोदर, हा मनानं खचलेला, आणि वाट बघण्याच्या काळात खोलीतला तो अनुभवी माणूस पुन्हा चुना घेऊन बसलेला. वाट बघायला सांगणं म्हणजे त्याला चुन्याकडे पाठवणं होतं.

घरी लावायची दोन औषधं आमच्याकडे मिळतात. पहिलं पोडोफायलोटॉक्सिन, 0.5 टक्क्याचं द्रावण. हिमालयात उगवणाऱ्या एका झाडाच्या मुळातून निघणारं हे रसायन पेशींचं विभाजन थांबवतं. सकाळ-संध्याकाळ तीन दिवस लावायचं, चार दिवस विश्रांती, असे चार फेरे. दुसरं इमिक्विमॉड, 5 टक्क्यांचं मलम. ते स्वतः काही जाळत नाही, त्या जागेच्या प्रतिकारशक्तीला जागं करतं आणि तिच्याकडून काम करून घेतं. आठवड्यातून तीन रात्री, एक रात्र सोडून, लावायचं, सहा ते दहा तासांनी साबणानं धुवायचं, सोळा आठवड्यांपर्यंत. परत येण्याचं प्रमाण यात कमी दिसतं, म्हणून मला ते आवडतं. पण ते 25 अंशांच्या वर ठेवायचं नसतं. एप्रिल-मेमध्ये आमच्याकडे पारा 44-45 ला टेकतो, आणि सहा जणांच्या पत्र्याच्या खोलीत फ्रिज कुठून असणार? वर धुवायला सामाईक मोरी. सोळा आठवडे हे जमेल असं त्यालाही वाटेना, मलाही.

दवाखान्यात करायचे उपचार म्हणजे गोठवणं, आम्ल लावणं, विजेनं किंवा रेडिओफ्रिक्वेन्सीनं जाळणं, लेझर, कात्रीनं छाटणं. काही डॉक्टर गोवर-गालगुंड-रुबेलाची एमएमआर लस किंवा ड-जीवनसत्त्व थेट चामखिळीत टोचतात. भारतात ते बरंच चालतं, पण मी ते पहिल्या फळीत ठेवत नाही, पुरावा अजून तोकडा आहे.

जाळण्याचा आग्रह मी मोडला तो कातडीकडे बघून. विजेनं जाळलं तर सगळं एका बैठकीत निघतं, लिग्नोकेनच्या इंजेक्शनखाली दुखतही नाही, आणि परगावी राहणाऱ्याला ते सोयीचं आहे, हे खरं. पण ही कातडी एकदा स्टेरॉइडनं पातळ झालेली आणि एकदा चुन्यानं भाजलेली होती. तिथं सहा ठिकाणी जाळलं असतं तर व्रण आखडून कातडी मागे सरकणं बंद होण्याची भीती होती. (जाळताना निघणाऱ्या धुरातही विषाणूचे अंश असतात, म्हणून धूर ओढणारी नळी आणि चांगला मास्क लागतो. तालुक्याच्या गावात किती ठिकाणी ती नळी असते, ते मी सांगत नाही.)

उरलं गोठवणं. द्रव नायट्रोजन उणे 196 अंशांचा असतो. कापसाच्या काडीनं किंवा फवाऱ्यानं तो चामखिळीवर धरायचा, ती पांढरी होऊन भोवती एक-दोन मिलिमीटरची पांढरी कड उमटेपर्यंत. पेशींतलं पाणी गोठून पेशी फुटतात, एक-दोन दिवसांत फोड येतो, आठ-दहा दिवसांत खपली पडते. व्रण क्वचित राहतो. आपल्या सावळ्या कातडीवर पांढरट डाग मात्र काही महिने दिसू शकतो, हे आधी सांगावं. मूत्रद्वाराच्या ओठावरच्या चामखिळीलाही हा उपचार चालतो. आणि नायट्रोजन आमच्याकडे मिळतो तो गुरांच्या कृपेनं. कृत्रिम रेतनाच्या कांड्या ज्या टाकीत ठेवतात ती भरायला गाडी येते, तीच माझा छोटा कॅन भरून देते. एखादा रविवार गाडी चुकली की माझं काम बंद, गायींचं चालू.

दर दोन आठवड्यांनी एक बैठक, रविवारी सकाळी. हे त्याच्या गाडीच्या वेळापत्रकात बसत होतं. पुस्तकात उपचारांची क्रमवारी कशीही असो, या माणसाचा उपचार ठरवला तो रेल्वेनं, मोरीनं आणि भाजलेल्या कातडीनं.

त्याच दिवशी पहिली बैठक झाली. चिठ्ठीवर मी फक्त ‘विषाणूजन्य चामखीळ’ लिहिलं, जागा लिहिली नाही. गावातल्या मेडिकलवर त्याचा मावसभाऊ कामाला आहे.

बाहेर बाकावर बसलेली रुग्ण

दुसऱ्या बैठकीला, मार्चच्या सुरुवातीला, तो एकटा नव्हता. बाकावर डोक्यावर पदर घेतलेली बायको आणि शेजारी सासू. सासूला सांगितलं होतं की सुनेच्या पायाला खाज आहे. पुन्हा खाज.

आत येण्याआधी त्यानं विचारलं, तिला सांगायचं कसं? त्याचं लग्नाआधीचं वागणं मी तिला सांगणार नव्हतो, ते त्याचं होतं. पण तिची तपासणी व्हायला हवी होती आणि ती का, हे तिला कळायला हवं होतं. मी त्याला एक वाक्य सुचवलं. ते पूर्ण खरं होतं आणि त्यात कुणावर बोट नव्हतं. “माझ्या अंगावर आधी दिसलं म्हणून मी आधी आलो, आता तुझं बघून घेऊ.” त्यानं ते तसंच्या तसं म्हटलं. ती पटकन म्हणाली, “मला पण आहेत. मला वाटलं पोटुशीपणामुळे असेल.”

दोन महिने ती गप्प होती. सासूला सांगता येईना, माहेर चोपड्याकडे तापीपलीकडे, नवऱ्याचा फोन बंद. दर महिन्याच्या तपासणीला ती जात होती, पण तिथं पोट बघतात, वजन करतात, खाली कुणी बघितलं नव्हतं.

सिस्टरला सोबत घेऊन तपासणी केली. बाह्य योनीच्या दोन्ही बाजूंना मिळून चौदा-पंधरा, काही एकमेकींत मिसळून बोराएवढा झुपका झालेला. गरोदरपणात प्रतिकारशक्ती थोडी नमतं घेते, रक्तपुरवठा वाढतो, आणि चामखिळी भराभर वाढतात. तिच्या सिफिलिस आणि एचआयव्हीच्या तपासण्या गरोदरपणाच्या नोंदणीतच झालेल्या होत्या, दोन्ही निर्धोक.

आता तोच विषाणू, तोच आजार, आणि यादीतली अर्धी औषधं बाद. पोडोफायलोटॉक्सिन आणि त्याचं जुनं, गडद तपकिरी रूप पोडोफायलीन, दोन्ही गरोदरपणात वर्ज्य. ते अंगात शोषलं जातं आणि गर्भाला अपाय करू शकतं. पोडोफायलीन लावून चार तासांत धुवायला सांगण्याची जुनी पद्धत अजून काही ठिकाणी चालते. आता तर ते गरोदर नसलेल्यांसाठीही मागे पडत चाललं आहे. इमिक्विमॉडबद्दल गरोदरपणातली माहिती पुरेशी नाही, म्हणून तेही टाळायचं. उरतात गोठवणं, छाटणं किंवा जाळणं, आणि ट्रायक्लोरोॲसिटिक आम्ल.

तिच्यासाठी आम्ल निवडलं, 80 टक्क्यांच्या वरचं. ते लागलेल्या जागी प्रथिनं गोठवतं आणि तिथंच संपतं, रक्तात जात नाही. स्वस्त आहे, आणि नायट्रोजनच्या गाडीवर अवलंबून नाही. पण ते पाण्यासारखं पातळ असतं, ओघळलं की चांगल्या कातडीला भाजतं. म्हणून भोवती व्हॅसलीनचा बांध घालायचा, लाकडी काडीच्या टोकाला जेमतेम ओल घ्यायची, लावून वाळेपर्यंत पाय फाकवूनच थांबायचं. दोन मिनिटांत चामखीळ बर्फासारखी पांढरी होते आणि झोंबतं. जास्त झालं तर वर खायचा सोडा टाकायचा, आम्ल तिथंच मरतं. टेबलावर सोड्याची वाटी बघून नवरा म्हणाला, “माझ्या वेळी पण सोडाच होता.” तो धुण्याचा होता, भाऊ, आणि चुन्यासोबत होता.

आम्ल आठवड्यातून एकदा लावायचं. इथं दुसरं वेळापत्रक आडवं आलं. अक्षय तृतीयेला, म्हणजे आमच्या आखाजीला, लेकी माहेरी जातात. पहिलं बाळंतपण माहेरचं, म्हणजे एकदा चोपड्याकडे गेली की बाळ घेऊनच परतणार. आखाजीला सात-आठ आठवडे होते. पहिल्या दिवशी एका बाजूलाच लावलं, पुढच्या वेळी दुसऱ्या. दोन्ही बाजू एकदम केल्या असत्या तर तिला बसता आलं नसतं, आणि बसता येत नाही हे सासूच्या नजरेतून सुटलं नसतं.

सासूचा प्रश्न तिसऱ्या आठवड्यात आलाच. ती एकटी आत आली, दार लोटलं. “डॉक्टरसाहेब, खाज नही शे हाई. कोनी लयनं?” म्हणजे, कोणी आणलं हे? तिला एवढंच सांगितलं की मावशी, सुनेची गोष्ट मी तुम्हाला सांगत नाही, तशी तुमची गोष्ट मी सुनेला सांगणार नाही. पोटातलं बाळ ठीक आहे. ती थोडा वेळ बसली, मग स्वतःच्या गुडघ्याचं विचारून गेली. पुढच्या आठवड्यापासून सुनेला घेऊन तीच येऊ लागली.

पाच बैठकांत झुपका गेला. तीन बारीक चामखिळी उरल्या, त्या तशाच सोडल्या.

माहेरच्या डॉक्टरांसाठी चिठ्ठी दिली. त्यात मुद्दाम लिहिलं की केवळ चामखिळी आहेत म्हणून सिझर करू नये. चामखिळींनी वाट अडवली असेल किंवा त्या फाटून खूप रक्त जाण्याची भीती असेल तरच. बाळाच्या घशात हा विषाणू जाऊन स्वरयंत्रावर चामखिळी होतात, हे घडतं, पण अत्यंत विरळा, आणि सिझरनं ते नक्की टळतं असंही नाही. आईला फक्त एवढं सांगितलं की पुढे कधी बाळाचा आवाज सतत घोगरा वाटला किंवा श्वासात शिट्टी ऐकू आली तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना हा इतिहास सांगायचा. हे ऐकून ती घाबरली. मी हे तेव्हाच सांगायला हवं होतं का, याबद्दल माझं मन अजून दोन्हीकडे जातं.

परत आल्या

नवऱ्याच्या तीन बैठका झाल्या, होळीनंतरच्या रविवारी शेवटची. नवाच्या नऊ गेल्या. त्यानं पेढे आणले होते, मी घेतले नाहीत; तीन महिने थांब म्हटलं. ऐन आखाजीच्या आठवड्यात तो आला, या वेळी शिस्नाच्या बुडाशी तीन नव्या.

त्याचा चेहरा पडला, पण भांडला नाही. आधी सांगितलेलं असलं की एवढा फरक पडतो. या वेळी मात्र गोठवणं नको म्हणाला. खात्यावर माणसं कमी होती, दर पंधरवड्याला सुट्टी घेतली की पगार कापत होते. जागा आता जाड कातडीची, त्याला स्वतःला दिसणारी, चामखिळी तीनच. पोडोफायलोटॉक्सिनला हे चपखल होतं. बायको माहेरी, म्हणजे औषध तिच्या अंगाला लागण्याची भीती नाही. काडीनं फक्त चामखिळीवर टिपायचं, वाळू द्यायचं, हात धुवायचे. दिवसभरात अर्ध्या मिलिलिटरच्या वर नाही. बाटली विस्तवाजवळ नाही, कारण त्यात अल्कोहोल असतं. पहिला थेंब माझ्यासमोर त्यानं स्वतः लावला.

दहा दिवसांनी फोन. खूप आग होते, चालता येत नाही. तीन दिवसांऐवजी त्यानं सलग सहा दिवस लावलं होतं. लवकर जावं म्हणून. चार दिवसांची विश्रांती हा औषधाचाच भाग आहे हे मी सांगितलं होतं, पण कागदावर दिलं नव्हतं. त्या दिवसापासून मी छापील कॅलेंडरच्या पानावर ‘लावा’ आणि ‘थांबा’ असे शिक्के मारून देतो. एक आठवडा सगळं बंद ठेवलं, मग शिक्के बघून पुन्हा सुरू. तिसऱ्या फेऱ्यात कातडी साफ झाली.

बिडी कमी करायलाही त्याला सांगितलं होतं. धूम्रपान करणाऱ्यांत चामखिळी जास्त होतात आणि चिवटपणे टिकतात. ती त्यानं सोडली नाही, हे नोंदवून ठेवतो.

आषाढाच्या शेवटी मुलगी झाली, सरळ बाळंतपण. आईच्या उरलेल्या तीन चामखिळी दीड महिन्यात कुणी हात न लावता विरल्या. गरोदरपण संपलं की बऱ्याचदा असं होतं. नवरा-बायको पुन्हा एकत्र येताना काही महिने निरोध वापरायला सांगितलं, आणि त्याची मर्यादाही. निरोध जेवढी कातडी झाकतो तेवढीच वाचते, बाकीच्या कातडीतून विषाणू जाऊ शकतो. ज्या जोडप्याला दोघांनाही झालेलं आहे, त्यांच्यात तो एकमेकांकडून पुन्हा पुन्हा ‘पिंगपाँग’सारखा फिरतो अशी भीती लोकांना असते, तसं सहसा होत नाही. परत येतात त्या बहुधा स्वतःच्याच कातडीत उरलेल्या.

दिवाळी

दिवाळीत दोघं मुलीला घेऊन आले. दोघांचीही कातडी साफ. आता त्यानं लसीचं विचारलं. सुरतेत कुणी तरी मोबाईलवर दाखवलं होतं. लस होऊन गेलेल्या चामखिळी घालवत नाही, लागलेल्या विषाणूवर तिचा उपयोग नाही. ती संबंध सुरू होण्याच्या आधीच्या वयासाठी. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सर्व्हाव्हॅक जानेवारी 2023 मध्ये बाजारात आली, तिच्यात 6, 11, 16 आणि 18 या चारही जाती आहेत, म्हणजे चामखिळी आणि गर्भाशयमुखाचा कॅन्सर दोन्ही धरले आहेत. नऊ ते चौदा वयात दोन डोस, सहा महिन्यांच्या अंतरानं. पंधराव्या वाढदिवसानंतर सुरू केली तर तीन.

“म्हंजे हिला नऊ वर्षांनी,” त्यानं मांडीवरच्या मुलीकडे बघितलं. मग बायको पहिल्यांदा स्वतःहून बोलली. “आणि माझी नणंद? नववीला आहे.”

“पंधरावं कधी लागतं तिला?”

दोघं एकमेकांकडे बघायला लागले. नक्की तारीख कुणालाच आठवेना. शेवटी त्यानं मोबाईल काढला, आईला फोन लावला आणि दारातूनच विचारलं, “आई, तिना जन्म पौषना शे का माघना?”